ट्रेकिंग पोलची टीप झिजलीये: रबर चढवू, टीप बदलू, खालचा दांडा घेऊ की जोडीच नवीन?

पावसाळा तोंडावर आला की माळ्यावरच्या काठ्या खाली येतात आणि तेव्हा दिसतं की टोक पार बोथट झालंय. दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा 'नवीनच घ्या' हे उत्तर मिळतं, आणि ग्रुपवर विचारलं तर जो तो आपापल्या वाटेप्रमाणे सांगतो. रोज पर्वतीच्या पायऱ्या चढणारा म्हणतो रबर बेस्ट, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करणारा म्हणतो रबर फेकून दे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून म्हटलं सगळे पर्याय एकाच ठिकाणी मांडू, म्हणजे तुमच्या काठीला काय लागू पडतं ते तुम्हालाच ठरवता येईल.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, आपण ज्याला सरसकट 'टीप' म्हणतो त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. सगळ्यात खाली धातूचा छोटा खिळा, चांगल्या काठीत तो टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाचा आणि स्वस्तातल्या काठीत बऱ्याचदा साध्या स्टीलचा. तो खिळा ज्या प्लास्टिकच्या निमुळत्या नळीत पक्का बसवलेला असतो ती फेरूल, आणि ही फेरूल दांड्याच्या टोकावर घट्ट दाबून बसवलेली असते, चिखलासाठीची छोटी चकती म्हणजे बास्केट पण हिच्यावरच फिरवून बसते. आणि या सगळ्यावरून चढवायचं ते रबरी बूच. यातलं नेमकं काय गेलंय हे न बघता खरेदी केली की पैसे हमखास वाया जातात, कारण बरेच जण रबर फाटलं म्हणून काठी बदलतात आणि बरेच जण खिळा संपलाय तरी वरून नवीन रबर चढवून चालत राहतात.

बघायचं कसं, तर रबर काढा आणि टोक उजेडात धरा. खिळा प्लास्टिकच्या बाहेर ३-४ मिमी तरी स्पष्ट दिसत असेल तर टीप ठीक आहे, फक्त रबर बदला आणि सुटा. खिळा आणि प्लास्टिक एकाच पातळीत आले असतील तर टीप संपली. बऱ्याचदा झीज एका बाजूनेच तिरकी झालेली दिसते कारण चालताना काठी मागे झुकलेली असते आणि टोक तिरकं टेकतं, तेव्हा चारी बाजूंनी फिरवून बघा, एका बाजूने खिळा दिसतोय म्हणून समाधान मानू नका. प्लास्टिक दगडाला लागायला लागलं की काठी कातळावर 'कर्रर्र' करून सरकते, हा आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. आणि तरीही तशीच वापरत राहिलं तर फेरूल घासून घासून शेवटी दांड्याचंच टोक जमिनीला लागतं, मग छोट्या खर्चाचं काम मोठ्या खर्चावर जातं.

आता रबराकडे येऊ. सगळ्यात स्वस्त, कुठेही मिळतं, डेकॅथलॉनमध्ये मिळतं, ऑनलाइन तर ढिगाने मिळतं, आणि आतला व्यास बऱ्याच कंपन्यांचा साधारण ११-१२ मिमीच्या आसपास असल्यामुळे एकाचं दुसऱ्याला बसायची शक्यता चांगली असते. डांबरी रस्ता, सिमेंटच्या पायऱ्या, कोरडा सपाट कातळ या तिन्हीवर रबराला तोड नाही. कोरड्या कातळावर नुसता खिळा टकटक वाजत घसरतो तिथे रबर चिकटून राहतं, शिवाय मनगटाला बसणारा हादरा कमी होतो, ज्यांचे गुडघे-मनगटं दुखतात त्यांना हा फरक दिवसाच्या शेवटी चांगलाच कळतो. पण घसाऱ्यावर, म्हणजे सुटी माती आणि बारीक मुरूम असलेल्या उतारावर, रबर रुततच नाही, वरच्या वर सरकतं. ओल्या गवतावर तेच. आणि भातखाचराच्या बांधावरून किंवा लाल चिखलातून चालताना तर चिखल ते बूच आत ओढून धरतो, काठी वर येते आणि रबर तिथेच राहतं, म्हणजे तुमचं नुकसान आणि शेतात कचरा. पावसाळी ट्रेकला चिखल सुरू व्हायच्या आधी रबरं काढून बॅगेच्या साइड पॉकेटमध्ये टाकायची सवय लावा.

रबर घेताना आत बोट घालून बघा, तळाशी धातूची चकती लागते का. चकती नसलेलं रबर खालून झिजण्याआधी आतूनच जातं, कारण तुमचं सगळं वजन त्या छोट्या खिळ्यावर येतं आणि खिळा रबराला आरपार भोक पाडतो. जुनं रबर उजेडाकडे धरून आत बघा, खालून उजेड दिसला तर ते संपलं.

आता मुख्य मुद्दा. संपलेल्या खिळ्यावर रबर चढवणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. फक्त रस्त्यावर आणि बागेत चालणार असाल तर चालेल, अगदी खुशाल चालवा. पण राजगडच्या संजीवनी माचीवर किंवा तोरण्याच्या उतरणीला ते रबर निघालं तर खाली काहीच शिल्लक नसतं आणि नेमकं उतरतानाच आपण काठीवर सगळ्यात जास्त विसंबलेलो असतो. म्हणून डोंगरात जाणाऱ्याने फेरूल बदलायचीच, यात मला तरी दुसरं मत दिसत नाही.

फेरूल बदलायची म्हटलं की दोन रस्ते, कंपनीची ओरिजिनल किंवा ऑनलाइन मिळणारी जेनेरिक. ओरिजिनलचा फायदा म्हणजे माप जुळतं, आतला उतार दांड्याच्या उताराशी जुळतो आणि तुमच्या जुन्या बास्केट त्याच आट्यांवर बसतात. हा बास्केटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला जायचं असेल तर मोठी स्नो बास्केट लागते, आणि जेनेरिक फेरूलच्या आट्या वेगळ्या निघाल्या तर घरात पडलेल्या बास्केट बाद. लेकी किंवा ब्लॅक डायमंडसारख्या कंपन्या सुट्या टिपा विकतात, पण आपल्याकडच्या दुकानात हव्या त्या मॉडेलची मिळेलच असं नाही. बाहेरदेशी कोणी भाऊ-बहीण, मित्र असतील तर येताना मागवून घ्या, वजन नगण्य असतं, मॉडेलचं नाव आणि दांड्याच्या टोकाचा फोटो आधी पाठवून ठेवा.

जेनेरिक मिळायला सोपी आणि स्वस्त, आणि खरं सांगायचं तर माप बरोबर निवडलं तर काम उत्तम करते. गोची फक्त दोन गोष्टींत आहे, माप आणि खिळ्याचा धातू. मापासाठी जुनी फेरूल काढल्यावर दांड्याच्या अगदी टोकाशी आणि त्याच्या ३-४ सेंमी वर अशी दोन मापं घ्या, कारण दांडा तिथे निमुळता असू शकतो. वर्निअर (व्यास मोजायचं साधन) नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून पेनाने खूण करा, पट्टी उलगडून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा, ३१.४ मिमी आली तर व्यास १० मिमी, ३७.७ आली तर १२. बाहेरच्या प्लास्टिकचं माप घेऊन ऑर्डर करू नका, ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

धातूबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच जाहिराती सगळ्यात जास्त घोळ घालतात. सह्याद्रीचा कातळ म्हणजे बेसाल्ट, त्यातली मुख्य खनिजं मोह्सच्या मापाने (खनिजांचा कठीणपणा सांगणारं १ ते १० चं माप) साधारण ६ च्या आसपास कठीण, आणि वाटेवरची गारगोटी तर ७. साधं नरम स्टील याच्या खाली येतं, म्हणजे दगड खिळ्याला खातो. टंगस्टन कार्बाइड ९ च्या जवळपास आहे, म्हणून तो तितक्या लवकर झिजत नाही. पण तो ठिसूळ असतो, फटीत अडकून आडवा गचका बसला की टवका उडतो, त्यामुळे कार्बाइडची टीप हळूहळू झिजण्याऐवजी एकदम कोपरा तुटलेली दिसली तर नवल नाही. वर्णनात नुसतं 'मेटल टिप' किंवा 'हार्ड स्टील' लिहिलं असेल तर ती कार्बाइड नाही असंच समजा. आणि खिळ्याचं तोंड सपाट गोल असण्यापेक्षा मध्ये किंचित खोलगट आणि कडा धारदार असेल तर कातळाच्या खडबडीवर जास्त चांगला अडकतो.

शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कोणाच्याच भरवशावर राहू नका. रबर तर तिथे साबणासारखं सरकतं, आणि कार्बाइडसुद्धा एखाद्या खळग्यात अडकला तरच धरतो. जुलैत लोहगडाच्या पायऱ्या उतरताना काठी हा फक्त तोल सावरायचा आधार, पूर्ण भार टाकायची जागा नाही.

किल्ल्यांचं निघालंच आहे तर हेही बोलतो. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यात रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरी हे आपले नेहमीचे ट्रेक आहेत. कार्बाइडचा खिळा दगडावर पांढरे ओरखडे पाडतो, हजारो काठ्या एकाच पायरीवर टेकल्या की ते दिसतातच. घडीव पायऱ्या, दरवाजा, मंदिराचं आवार, टाक्याचा काठ इथे रबर चढवा. कोकणात कातळशिल्पं बघायला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जात असाल तर तिथे नुसता खिळा वापरूच नका, जांभा दगड बेसाल्टपेक्षा बराच मऊ आहे. पेरूमध्ये इंका ट्रेलवर तर रबरी टोकाशिवाय काठ्या वापरायला परवानगीच नाही. आपल्याकडे नियम नसला तरी आपले किल्ले आहेत, आपणच जपायचे.

बदलायचं काम घरी होतं, कुठल्या मेकॅनिककडे जायची गरज नाही. बास्केट फिरवून काढा, खालचा दांडा काठीतून पूर्ण बाहेर घ्या. खोल भांड्यात पाणी उकळा, फक्त फेरूल बुडेल इतकंच टोक दोन-तीन मिनिटं पाण्यात धरा, प्लास्टिक थोडं सैलावतं. मग दांडा जाड फडक्यात धरा, फेरूल पकडीने पकडा आणि पिळत पिळत ओढा. पकड दांड्याला अजिबात लावायची नाही, अॅल्युमिनियम चेपतं आणि कार्बन तर आतून चिरतो आणि बाहेरून कळतही नाही. कार्बनच्या दांड्यावर हीट गन किंवा गॅसची ज्योत तर नकोच नको, दांड्यातलं रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) खराब होतं. नवीन फेरूल बसवताना दांडा कोरडा पुसून घ्या, हाताने दाबून फिरवा, मग टोक लाकडी पाटावर दोन-चारदा उभं आपटा, बाकीची ती चालताना तुमच्या वजनाने बसते.

अराल्डाइट किंवा फेव्हिक्विक लावू का, असं बरेच जण विचारतात. नका लावू. एक तर पुढच्या वेळी ती निघणार नाही, आणि दुसरं म्हणजे काठी दोन दगडांच्या फटीत अडकली तर आधी ही प्लास्टिकची टीप वाकावी, तुटावी किंवा निघून यावी यातच फायदा आहे, महागाचा दांडा वाचतो. नवीन टीप हाताने ओढून सहज निघत असेल तर माप चुकलंय, परत पाठवा. वाटेतच सैल झाली तर प्लंबरची टेफ्लॉन टेप किंवा फर्स्ट एडमधली चिकटपट्टी एक-दोन वेढे गुंडाळून घरापर्यंत काम निभावतं.

खालचा दांडा कधी बदलायचा, तर तो वाकला असेल, टोकाशी चिरला असेल किंवा फेरूल जाऊन टोकच घासलं गेलं असेल तरच. काही कंपन्या खालचा भाग टिपेसकट सुटा देतात, पण हा पर्याय फेरूलपेक्षा बराच महाग पडतो आणि मॉडेल जुनं असेल तर मिळत नाही. वाकलेलं अॅल्युमिनियम हाताने सरळ करून वापरू नका, एकदा वाकलेली जागा कमकुवतच राहते.

आणि नवीन जोडी? लॉक सटकत असेल, म्हणजे वजन टाकल्यावर काठी आत जात असेल, तर आधी फ्लिप लॉकचा (बाहेरून खटका दाबायचा प्रकार) स्क्रू आवळून बघा, ट्विस्ट लॉक (दांडा पिळून आवळायचा प्रकार) असेल तर उघडून आतली धूळ-माती पुसून बघा. तरीही सटकली तर तिच्यावर टिपेचा खर्च करू नका, धोक्याची आहे ती. अगदी स्वस्तातली काठी असेल आणि कार्बाइड टिपांची जोडी तिच्या किमतीच्या जवळ जात असेल तरीही नवीन घेतलेली परवडते, फक्त घेताना दुकानदाराला विचारा की याच्या सुट्या टिपा मिळतात का, आणि दाखवायला सांगा. ज्या काठीची टीप मिळत नाही ती काठी डोंगरात जाणाऱ्याने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती कितीही हलकी असो.

बदलाल तेव्हा दोन्ही काठ्यांच्या टिपा एकदम बदला, एक नवीन एक जुनी असली की दोन्ही हातांना पकड वेगळी लागते आणि उतारावर पाय टाकताना अंदाज चुकतो. काढलेल्यांपैकी एखादीचा खिळा अजून थोडा शिल्लक असेल तर ती टाकू नका, रबराच्या एका जास्तीच्या जोडीबरोबर बॅगेत राहू द्या, ट्रेकला कोणा ना कोणाची टीप निघतेच. आणि मागवायचं असेल तर मे महिन्यातच मागवून बसवून ठेवा, एखाद्या छोट्या चढावर वापरून बघता येते आणि माप चुकलं तर बदलून घ्यायला वेळ मिळतो.