कुत्र्याला घेऊन बाहेर खायला जायचं तर: जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड

जुळे सोलापूर, सैफुल, आसरा चौक, होटगी रोड या पट्ट्यात संध्याकाळी पट्ट्याला धरून फिरवली जाणारी कुत्री आता गल्लोगल्ली दिसतात. त्यांना सोबत घेऊन दोन घास खाता येतील अशी जागा मात्र पाटी वाचून सापडत नाही. बसायची फरशी कसली आहे, सावली किती वाजता येते, दोन टेबलांत किती अंतर आहे आणि मागच्या दारी गल्लीतली किती कुत्री बसलेली असतात, यावर सगळं ठरतं. म्हणून हा आढावा जागांच्या प्रकारांचा आहे. परवानगी मालकाच्या हातात असते, आणि मंगळवारी निवांत असलेली जागा रविवारी रात्री कुत्र्याला सोसवत नाही.

सगळ्यांत वरचा क्रमांक सकाळच्या इडलीच्या गाडीला. सोलापुरात इडलीच्या गाड्यांना तोटा नाही. सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत रस्ता थंड असतो, गिऱ्हाईक उभ्याउभ्या खाऊन निघून जातं, आणि कुत्र्याला घेऊन चार पावलं बाजूला उभं राहता येतं. विजापूर रोडवर धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला फिरून येणाऱ्यांना तर हे वाटेवरच पडतं. शिवाय बाहेर मिळणाऱ्या पदार्थांत कुत्र्याला देण्याजोगी नुसत्या इडलीइतकी बिनधोक गोष्ट क्वचितच असते. तेल नाही, मसाला नाही, पोटाला हलकी. सांबार आणि चटणी मात्र अजिबात नको. सांबारात कांदा असतोच. साधारण १० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला ६०० कॅलरींच्या आसपास लागतात आणि वरचं खाणं त्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये, असा पशुवैद्यकांचा दंडक आहे. म्हणजे मध्यम आकाराची एक इडली. लॅब्रेडॉरला दोन. गाडीवाल्या अण्णांनी प्रेमाने तिसरी पुढे केली तर ती आपण खावी.

संध्याकाळच्या अंड्याच्या गाडीचंही तसंच. उकडलेलं अंडं, मीठ न लावता, सोलून. एका अंड्यात ७०-७५ कॅलरी असतात, त्यामुळे लहान कुत्र्याला अर्धं पुरे. ऑम्लेट नको, कारण त्याच तव्यावर दिवसभर कांदा परतलेला असतो. चहाच्या टपरीवर बशीत चहा ओतून देणारे असतात. त्यांना हसून नाही म्हणावं, कारण चहातलं कॅफीन कुत्र्याला बाधतं. साधं ग्लुकोज बिस्कीट एखादं चालेल, चॉकलेट क्रीमचं नाही.

जेवणाकडे वळण्याआधी लसणाचं बोलायला हवं. सोलापुरी ताटात कुत्र्याला सगळ्यांत मोठा धोका तिखटाचा नाही, कांदा-लसणाचा आहे. तिखट लागलं की कुत्रं तोंड फिरवतं, शिंकतं, पाणी पितं, आपल्यालाही कळतं. कांदा-लसणाने त्या वेळी काहीच दिसत नाही. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हे लक्षात येतं एक ते पाच दिवसांनी: हिरड्या फिकट, लघवी गडद, चालताना दम, कोपऱ्यात पडून राहणं. तोवर हॉटेलातलं जेवण कोणाच्या ध्यानातही नसतं. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसतो, असं पशुवैद्यक मानतात. लसूण त्याहून तीव्र. शिजवल्याने हा दोष जात नाही, आणि वाळवून केलेल्या मसाल्यात तो एकवटलेला असतो.

आता आपल्या ताटाकडे पाहा. शेंगाचटणीत लसूण कांडलेला. काळ्या रश्श्यात भाजलेला कांदा. फसवी गोष्ट मात्र अळणी मटणाची. ‘यात तिखट नाही, कुत्र्याला चालेल’ म्हणून वाटीभर अळणी रस्सा ओतला जातो. इथं अळणी म्हणजे तिखटाविना, मिठाविना नव्हे. त्यात आलं-लसूण आणि मीठ असतंच, बहुधा कांदाही. खानावळीत विचारायचं ते ‘तिखट आहे का’ असं नाही, ‘लसूण घातलाय का’ असं. फक्त हळद घालून उकडलेला तुकडा आधीच बाजूला काढून ठेवायची तयारी असेल, तर ती खानावळ कुत्रेवाल्यांनी जपावी.

हाडाचंही तेच. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार चिपा निघतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात; कोंबडीचं हाड तर आणखी वाईट. तर्रीचं तेल आणि चरबी यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग दुसऱ्या दिवशी वारंवार उलट्या आणि पोट आखडून, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं. ज्वारीची साधी भाकरी बिनधास्त द्यावी, पाव हिस्सा. कडक भाकरीचा तुकडा तर कुत्र्यांना फार आवडतो, कुरकुरीत असतो म्हणून. फक्त चटणी लावलेला नसावा. शिऱ्यातले आणि पुलावातले बेदाणे मात्र वेचून काढण्यावर विसंबू नये, तो पदार्थच देऊ नये. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्याने होईल याचा नेम नाही. द्राक्षांच्या जिल्ह्यात हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

बागेत टेबलं मांडलेली कुटुंबाची हॉटेलं विजापूर रोड आणि होटगी रोडच्या बाजूला शोधायची. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ धरली तर ती दुसऱ्या क्रमांकाची जागा. सोलापूरकर साडेआठच्या आधी सहसा रात्रीच्या जेवणाला बाहेर पडत नाही, त्यामुळे निम्मी टेबलं मोकळी असतात आणि वेटरलाही वेळ असतो. शनिवार-रविवारी वाढदिवसाचे फुगे, शेजारच्या मंगल कार्यालयातली आतषबाजी, टेबलांमधून धावणारी मुलं; अशा वेळी शांत कुत्रंही बिथरतं. आधी फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात. ‘मालक, पट्ट्यात धरलेलं कुत्रं बागेत बसवलं तर चालेल का? भिंतीलगतचं किंवा कोपऱ्यातलं टेबल मिळेल का? आज काही कार्यक्रम आहे का?’ पहिल्याला ‘बघू, या तुम्ही’ असं उत्तर आलं तर जाऊ नये. दारात नकार मिळाला की वाद होतो, आणि त्या वादाने पुढच्या कुत्रेवाल्याची वाट बंद होते.

आतल्या एसी हॉलचा हट्ट धरू नये. स्वयंपाकाच्या आणि अन्न हाताळण्याच्या जागेत प्राणी नकोत ही अन्नसुरक्षेची अट आहे. मालक ‘बाहेर बसा’ म्हणतो तेव्हा तो परवान्याचाही विचार करत असतो. बागेतसुद्धा स्वयंपाकघराच्या दारापासून आणि वेटरच्या वाटेपासून लांबचं टेबल घ्यावं. खुर्चीवर कुत्रं बसवू नये, हॉटेलच्या ताटातून त्याला चाटू देऊ नये.

बसण्याआधी जमीन पाहावी. शहाबादी फरशी सावलीत असेल तर उत्तम, थंड राहते आणि पाय घसरत नाही. गुळगुळीत चकचकीत टाइल्सवर म्हाताऱ्या आणि जड कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात. पेव्हर ब्लॉक एप्रिल-मेमध्ये सूर्य मावळल्यावरही तास-दीड तास तापलेले असतात. तळहाताची मागची बाजू जमिनीवर ७ सेकंद टेकवता आली नाही, तर तिथं पंजेही टेकणार नाहीत. फरशी नुकतीच फिनेलने पुसली असेल तर वाळेपर्यंत थांबावं, कारण ते पंज्याला लागतं आणि मग चाटलं जातं; काळं फिनेल विशेष घातक. कोठारामागे, गटाराजवळ उंदराच्या औषधाच्या वड्या टाकलेल्या असतात. त्या खाल्ल्या तर रक्त गोठणं बंद होतं, आणि तेही दोन ते पाच दिवसांनी उघड होतं. म्हणून कुत्र्याला ‘जरा फिरून येऊ दे’ म्हणून मागच्या अंगाला सोडू नये.

पट्टा चार ते सहा फुटांचा, साधा. ओढला की लांबणारा दोरीचा पट्टा टेबलांच्या पायात गुंततो. प्लॅस्टिकच्या खुर्चीला तर कुत्रं कधीच बांधू नये: ते एक झटका देतं, खुर्ची मागे फरफटत येते, तिच्या आवाजाला भिऊन ते आणखी पळतं, आणि पळतं ते रस्त्याकडेच. पट्ट्याचा फास आपल्या मनगटात, मधला भाग बुटाखाली, एवढा की कुत्रं आडवं होऊ शकेल पण शेजारच्या टेबलापर्यंत पोचणार नाही. कारवानी किंवा मुधोळ या सडपातळ शिकारी जातीचं कुत्रं असेल तर साधा गळपट्टा उपयोगाचा नाही. त्यांची मान डोक्याइतकीच रुंद, त्यामुळे मागे सरकलं की पट्टा कानांवरून सुटतो, आणि मांजर दिसलं की ते कोणाच्या हाताला लागत नाही. त्यांना ओढल्यावर मर्यादेत आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीपट्टा हवा. तोंडाला जाळी लावायची तर पिंजऱ्यासारखी, ज्यात जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात. तोंड बंद करणारी कापडी पट्टी सोलापूरच्या उन्हात जीवघेणी आहे.

महामार्गावरचे ढाबे खाटा आणि मोकळ्या जागेमुळे मोहात पाडतात, पण पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या बहुतेक ढाब्यांना आम्ही मधलेच गुण देऊ. तिथं राहणारी चार-पाच कुत्री ती जागा आपली मानतात. हाडं जमिनीवर विखुरलेली असतात. ट्रकचा हॉर्न अचानक वाजतो. थांबायचंच असेल तर दुपारी तीन ते पाच, गिऱ्हाईक कमी असताना. गाडी टेबलाशेजारी लावून, पाठीमागे भिंत येईल असं बसावं. तिथल्या कुत्र्यांना खायला टाकू नये. एक तुकडा टाकला की सगळी येतात आणि भांडण आपल्या कुत्र्याशी होतं. भांडणात मध्ये हात घालू नये. माणसाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. आपल्या कुत्र्याने कोणाला इजा केली तर जबाबदारी आपली. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाला शिक्षा आहे. वर्षाच्या रेबीज लसीचं कार्ड फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावं, मालकाने न विचारता दाखवावं. तेवढ्याने बोलण्याचा सूर बदलतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीतली हुरड्याची शेतं कुत्र्याला सगळ्यांत आवडणारी, आणि आमच्याही मते इडलीच्या गाडीच्या खालोखाल तीच असती, पण तयारी लागते. हुरडा भाजायच्या आगटीवर राख दिसते, आत शेण्यांचा निखारा असतो. पंजा भाजतो तो तिथंच. शेतातल्या विहिरीला अनेकदा कठडा नसतो. माळावरचं कुसळ बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतं, आणि त्याला मागे फिरता येत नाही, आतच सरकतं. परतल्यावर चारही पंजे बोटं फाकवून पाहावेत, कान पाहावेत. एकच पंजा सारखा चाटणं किंवा डोकं झटकणं म्हणजे कुसळ. गोचीड कानामागे, काखेत, बोटांत शोधावी. हुरडा दहा-पंधरा दाण्यांपुढे देऊ नये, जुलाब होतात. दही थोडं चालतं, चटण्या मुळीच नाहीत.

पार्क चौपाटीला कुत्रं नेऊ नये. गर्दी, भट्ट्या, सांडलेलं तेल, पायाखालच्या कांद्याच्या चकत्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा तर तो भाग आणि शोभेच्या दारूकामाची रात्र दोन्ही टाळावीत.

उन्हाळ्याचा नियम वेगळा. मार्च ते जून सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेसातच्या आत बाहेर खाणं बंद. पग, शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर रात्रीही जपून. पाणी दिवसाला किलोमागे ५०-६० मिली, उन्हात त्याहून जास्त, आणि भांडं घरचंच. हॉटेलच्या सामाईक भांड्यातून रोग पसरतात. ‘पाच मिनिटांत पार्सल घेऊन येतो’ म्हणून गाडीत कोंडू नये. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं. धाप थांबेना, लाळ घट्ट, हिरड्या लालबुंद, चाल अडखळती असं दिसलं तर सावलीत न्यावं, नळाचं पाणी अंगभर ओतावं, वारा घालावा, आणि पाणी ओततच डॉक्टरकडे निघावं. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नये, उष्णता आत अडकते.

पिल्लाच्या लसी साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत त्याला यांपैकी कुठेही आणू नये, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. माजावर आलेल्या मादीलाही घरीच ठेवावं. तोवर पार्सल. त्यात कुत्र्यासाठीची भाकरी वेगळ्या कागदात बांधून मागावी आणि पिशवीत रश्श्याच्या डब्याखाली ठेवू नये; झाकणातून पाझरलेली तर्री तिलाच लागते.