हॉटपॅन्ट्स लावायचं की झोगी?

पावसाळ्यात मुंबईतून आकाश दिसायची आशाच नसते, त्यामुळे आपल्यातले बरेच जण झेडटीएफच्या (रात्रीच्या आकाशाचे पुन्हा पुन्हा फोटो घेणारा कॅलिफोर्नियातला सर्व्हे) पब्लिक इमेजेस उतरवून घरीच त्या आपोआप तपासणारी पाइपलाइन बांधायला बसतात आणि गाडी अडते ती इथे, की सुपरनोव्हासारखं नवं काही उगवलंय का हे बघायला नव्या इमेजमधून जुनी वजा करायची, तर टूल कुठलं घ्यायचं, हॉटपॅन्ट्स की झोगी. मी दोन्ही बरीच वापरलीत, त्या अनुभवावरून सांगतो.

हॉटपॅन्ट्स म्हणजे अलार्ड-लप्टनची १९९८ ची पद्धत. एका कमांडवर चालतं, पीएसएफ (एक तारा इमेजमध्ये कसा पसरून दिसतो त्याचा आकार) मागत नाही, इमेजच्या कडेला तारे वेगळे दिसत असतील तर तेही बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पहिल्याच संध्याकाळी काहीतरी दिसायला हवं असेल तर हेच. रुबिन वेधशाळेची पाइपलाइनही मूळ याच कल्पनेवर उभी आहे, तेव्हा जुनं म्हणून बाजूला टाकण्यासारखं अजिबात नाही.

पण एका गोष्टीने मला फार छळलं. हे एक इमेज ब्लर करून दुसरीसारखी करतं. आता रेफरन्समध्ये, म्हणजे जुन्या इमेजमध्ये, तारे जरा आडवे ताणलेले आणि आजच्या इमेजमध्ये उभे, मग कोणाला ब्लर करणार? कुठल्याही बाजूने केलं तरी जुळत नाही, आणि प्रत्येक ठळक ताऱ्याच्या जागी अर्धा काळा अर्धा पांढरा ठिपका उरतो, कँडिडेट लिस्ट (नव्या वाटणाऱ्या ठिपक्यांची यादी) त्यानेच भरते आणि गॅलेक्सीच्या गाभ्याजवळचा खरा ठिपका त्या गर्दीत शोधत बसावं लागतं. कर्नल (ब्लर करायचा साचा) बदला, स्टॅम्प (तो साचा ज्यावरून ठरतो ते ताऱ्यांभोवतीचे तुकडे) वाढवा, आज जमलं तर उद्या परत तेच.

झोगी २०१६ चं, झाके, ओफेक आणि गाल-याम यांचं, झेडटीएफ स्वतः हेच वापरतं. ते दोन्ही इमेजेसना सारखंच वागवतं, त्यामुळे कोणाला ब्लर करायचं हा प्रश्नच येत नाही. शिवाय कुठला ठिपका किती सिग्माचा, म्हणजे नॉइजच्या किती पट वर, याची वेगळी इमेज मिळते, तिच्यावर सरळ कटऑफ लावता येतो. पीएसएफ मात्र चोख लागतो, दोन्ही इमेजमधला फ्लक्स (ताऱ्यांचा मोजलेला उजेड) जुळवून घ्यावा लागतो, आणि सॅच्युरेटेड (कॅमेऱ्याला झेपणार नाहीत इतक्या ठळक) ताऱ्यांभोवती लाटा उठतात. पण ते तारे कुठे आहेत हे आधीच माहीत असतं, मास्क करता येतं. हॉटपॅन्ट्सचा त्रास रोज जागा बदलतो, माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तुमचा डेटा वेगळा असेल तर अनुभवही वेगळा येऊ शकतो. दोन-चार गॅलेक्सी रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघणार असाल तर हॉटपॅन्ट्स पुरेल. रात्रीचा सगळा डेटा आपण झोपलेलो असताना आपोआप चालवायचा असेल तर मी झोगीच लावेन, आणि सुरुवातीचे दिवस फक्त पीएसएफ नीट करण्यात घालवेन.