क्वीन्सटाउनच्या वीकेंडसाठी घेतलेली 40 लिटरची बॅग: काही महिने वापरल्यानंतर

उन्हाळ्याच्या तोंडावर घेतली ही बॅग, म्हणजे न्यूझीलंडचा उन्हाळा, डिसेंबरवाला. डोक्यात एकच होतं, ऑकलंडहून शनिवारी पहाटेच्या फ्लाइटने क्वीन्सटाउनला, म्हणजे दक्षिणेतल्या डोंगरांमधल्या गावाला पळायचं, रविवारी परत, आणि चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे भरायचे नाहीत. दोन तासांच्या आतला तर प्रवास.

आधी वजनाचं बोलू, खरी मारामारी तिथेच आहे. केबिनला 7 किलो, बॅग रिकामीच 1.6 किलो, राहिले 5.4. त्यात दोन दिवसांचे कपडे, थर्मल, चार्जर, टॉयलेटरीज सगळं बसतं, फक्त ट्रेकिंगचे बूट आणि रेन जॅकेट अंगावर घालूनच विमानात चढायचं, जरा येडं दिसतं पण त्या फ्लाइटमध्ये निम्मे लोक तसेच असतात. डोमेस्टिक असल्यामुळे पातळ वस्तूंना 100 मिलीच्या मर्यादेची भानगड नाही, सनस्क्रीनची मोठी बाटली तशीच जाते. सिडनी-मेलबर्नहून येणाऱ्यांना ही सूट नाही आणि बुटांना माती असेल तर बायोसिक्युरिटीवाले (बाहेरची माती, बिया, जंतू देशात येऊ नयेत म्हणून तपासणारे) थांबवतात, तेव्हा घरूनच घासूनपुसून निघा.

एअरपोर्ट फ्रँक्टनला आहे, गावापासून 8 किमी, लोक बेल्टपाशी ताटकळतात तोवर आपण बाहेर बसच्या स्टॉपवर. पण रूम दुपारशिवाय मिळत नाही, त्यामुळे बॅग पाठीवरच. हीच पाठीवर घेऊन क्वीन्सटाउन हिल चढलोय, कमरेचा पट्टा चांगला जाड आहे, खांदे दुखले नाहीत, पाठ मात्र घामाने चिंब, जाळीचा काही उपयोग नाही. एकदा वाकाटिपू तळ्याच्या काठावर दगडगोट्यांत ठेवून निवांत बसलो तर बुडाशी पाणी आलेलं. त्या तळ्याचं पाणी साधारण दर 25 मिनिटांनी काही सेंटीमीटर वरखाली होत असतं, माओरी लोक म्हणतात की तळाशी राक्षसाचं काळीज धडधडतंय. ते असो, बुडाचं कापड कोटिंगवालं आहे, आत थेंबही गेला नाही.

आता तक्रारी. ओल्या बुटांसाठी खाली वेगळा कप्पा आहे, जाहिरातीत फार मिरवलाय, पण त्यात बूट कोंबले की तो कप्पा आतल्या बाजूने फुगतो आणि वरची निम्मी जागा खातो. बेन लोमंड शिखर करून आल्यावर (1748 मीटर, वर वारा असा की उभं राहवत नाही) चिखलाचे बूट आत आणि कपडे बाहेर अशी गत झाली. दुसरं म्हणजे मेन चेनचं प्लास्टिकचं टोक तुटलं, कंपनीला मेल केला तर नुसतेच फोटो मागत बसले, शेवटी बुटाच्या लेसचा तुकडा बांधला, तो अजून टिकून आहे, हातमोजे घालूनही ओढता येतो!

हिवाळ्याला मात्र ही पुरत नाही. स्कीचे कपडे यात बसायचा प्रश्नच नाही, ते तिथेच भाड्याने घ्या. पण हिवाळ्यातच हातातल्या बॅगेची किंमत कळते. डोंगरांच्या मधे उतरायचं असतं, ढग खाली आले की फ्लाइट रद्द नाहीतर वळवलेली. आमची एकदा इन्व्हरकार्गिल या दुसऱ्या शहरात नेली, तिथून पुढे बसने, जवळपास तीन तास गेले, पण बॅग हातात असल्यामुळे पहिल्याच बसमध्ये जागा मिळाली. आणि रात्री 10 ते सकाळी 6 हा एअरपोर्ट बंद असतो, म्हणून परतीचं तिकीट रविवारच्या शेवटच्या फ्लाइटचं कधीच काढू नका, ती गेली की थेट सोमवार, ऑफिसला काय सांगणार. दुपारची घ्या, भले थोडी महाग पडली तरी.

बरेच जण विचारतात की एवढ्याशा बॅगेत मिलफर्ड साउंडही (डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी) होईल का. बॅगेत होईल हो, वीकेंडमध्ये नाही होणार, रस्त्याने एका बाजूचेच जवळपास 290 किमी आहेत. त्याऐवजी ग्लेनॉर्की गावाला जा, तळ्याच्या कडेकडेने पाऊण तासाचा रस्ता आहे, गाडी थांबवत थांबवत गेलं की दोन तास लागतात.

याच बॅगेचं 45 लिटरचं मॉडेलही आहे, केबिनसाठी ते घेऊ नका, भरलं की सात किलोच्या वर जातंच आणि गेटवर वजन करतात तेव्हा सगळ्यांसमोर जॅकेटच्या खिशात सामान भरत बसावं लागतं. रंग करडा घ्या, काळ्यावर वाळलेला चिखल लगेच उठून दिसतो.