बालसखी की संगणक?

सन २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई व बडोद्यातील महापालिका शाळांमधल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी रोज दोन तास वर्गाबाहेर बसवून अक्षरओळख आणि हातच्याची बेरीज शिकवत असे. बडोद्यात चौथीची मुले एका संगणकावर दोघे बसून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळत. कोणत्या शाळेला कोणता उपक्रम मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडत काढावी तसे, ठरवल्यामुळेच या दोन्हींच्या परिणामांची तुलना मला विश्वासार्ह वाटते. संगणकाने गणिताचे गुण अधिक वाढवले, भाषेचे मात्र नाहीत. शिवाय दरडोई खर्च बालसखीच्या सहापटींहून अधिक होता. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा लाभ बराच ओसरला. तरीही मी बालसखीच निवडेन, कारण मान खाली घालून बसलेल्या मुलाला ‘कुठे अडलं रे?’ असे तीच विचारू शकते.