मोठ्या अक्षरांचा नवा करार: आईच्या डोळ्यांसाठी आणला, वाचला दोघींनी

आई 74 वर्षांची. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिची उभी हयात गेली, आता माझ्याकडं बेळगावात असते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात काचबिंदू. लग्नात मिळालेलं तिचं बायबल बारीक टाइपाचं. गेली दोन वर्षं ते नुसतं उशाशी पडून होतं. मोबाइलवर ऐकायचं लावून दिलं तर म्हणाली, "ऐकताना डोळा लागतो गं. ओळीवर बोट ठेवल्याशिवाय माझ्या डोक्यात जात नाही." म्हणून भस्म बुधवारच्या, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवसाच्या, आधी कॅम्पातल्या एका दुकानातून मोठ्या अक्षरांचा हा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, आणला. फळीवर कन्नड, इंग्रजी, मराठी असे तिन्ही होते. मराठीची एकच प्रत उरली होती.

अक्षर खरंच मोठं आहे. नुसतं मोठं नाही, मोकळं आहे. दोन ओळींत बोट मावेल एवढी जागा, 'ख्रिस्त'मधला ख्र नीट उठून दिसतो, अनुस्वार शाईत बुडत नाही. पहिल्या संध्याकाळी आईनं खिडकीशी बसून मत्तयाचा (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं पहिलं) चौथा अध्याय काढला. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहतो, सैतान धोंड्यांच्या भाकरी कर म्हणतो. आपले लेंटचे, म्हणजे उपासाचे, चाळीस दिवस इथूनच आले. (भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 भरतात, त्यातले सहा रविवार उपासात धरत नाहीत.) मार्क हे सगळं दोन ओव्यांत (वचनांत) उरकतो. मत्तय अकरा ओव्या घेतो आणि मध्ये सांगतो की मग त्याला भूक लागली. आईनं ते वाक्य दोनदा वाचलं.

आमचं ठरलं होतं, रोज दिवाबत्तीनंतर एक अध्याय, तिनं वाचायचा, मी ऐकायचा. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आठवड्यात मत्तय 26 आला. अध्याय लांब आहे, 75 ओव्या, तिला तीन संध्याकाळी लागल्या. शिष्य यहूदा तीस रुपये घेऊन येशूला धरून द्यायचं ठरवून बसतो, गेथशेमाने बागेत शिष्य झोपतात, येशूला धरून मुख्य याजक कयफाकडं नेतात. त्याचा शिष्य पेत्र बाहेर वाड्यात बसलेला. येशूला ओळखत असल्याचं दोनदा तो नाकारतो. मग तिथं उभे असलेले लोक म्हणतात, तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळतंय. 73 वी ओवी. चर्चमध्ये ही गोष्ट मी दरवर्षी ऐकलीय. कोंबडा, तीनदा नाकारणं, रडणं, सगळं पाठ आहे. बोलीचं मात्र कधी कानात राहिलं नव्हतं. आई अडखळत, एकेक शब्द सोडवत वाचत होती म्हणून ते थेट कानावर आलं.

मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला पुण्याला गेले, तेव्हा हॉस्टेलात पहिल्याच रात्री "मी जेवलो" म्हणाले. आपल्याकडं बायाही तसंच बोलतात, मी येतो, मी जातो. खोलीतल्या पोरी बघतच राहिल्या. "कुठली गं तू? कोल्हापूर का बेळगाव?" पुढं चार महिने मी वाक्य आधी मनात जुळवायची, मग बोलायची. पेत्र गालीलातला, यरुशलेमला आलेला. इतकी वर्षं मी त्याला भित्रा म्हणत आले. 'मी त्या माणसाला ओळखत नाही' एवढं म्हणायलाही त्याला तोंड उघडावं लागत होतं, आणि तोंड उघडलं की तो सापडत होता. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बोली कुठं लपवायची गं बाई?" आणि बोट पुढं सरकवलं.

योहान वाचताना दुसरी गोष्ट तिनंच पकडली. त्या रात्री थंडी होती, वाड्यात कोळशाचा विस्तव केला होता आणि पेत्र शेकत उभा होता, असं 18 व्या अध्यायात आहे. 21 व्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तळ्याच्या काठावर येशूनं पुन्हा कोळशाचाच विस्तव केलाय. त्यावर मासळी, सोबत भाकर. तिथं तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस काय? आईनं पान मागं उलटून ताडून पाहिलं, शब्द तोच. मोठ्या अक्षरात असं मागं-पुढं करता येतं. जुन्या बायबलात तिला ते जमलं नसतं.

आता उणं काय ते. कागद पातळ आहे, मागच्या पानाची अक्षरं पुढं दिसतात. रात्री ट्यूबलाइटखाली आईला त्याचा त्रास झाला, शेवटी पानामागं काळा कागद सरकवून वाचलं. बांधणी चिकटवलेली, शिवलेली नाही. लूकच्या सुरुवातीला पानं सुटायला लागलीत. रिबीन एकच आहे, दोन हव्या होत्या. नकाशा नाही.

शेवटी जुन्या करारातली स्तोत्रसंहिता जोडलीय हे मात्र फार बरं केलं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश झाले. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा त्यातला चौथा. घरी येऊन आम्ही 22 वं स्तोत्र काढलं, ते याच शब्दांनी सुरू होतं. वधस्तंभावरचा माणूस लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हणत होता, हे आईला या वेळी पहिल्यांदा लागलं. ती बराच वेळ गप्प बसली. यशया 53 हा अध्याय जुन्या करारातला, त्यासाठी मात्र उशाचं जुनं बायबल काढावं लागलं आणि ते मीच वाचलं.

350 रुपयांना हा सौदा मला चांगला वाटला. वयस्कर माणसासाठी घेणार असाल तर आधी मधली पानं उघडून बांधणी तपासा. सुटलेल्या पानांचं सांगितल्यावर दुकानदार बदलून द्यायला तयार झाले. आई देईना. 26 व्या अध्यायात तिनं पेन्सिलीनं खुणा केल्यात.