सांगलीतील मंगल कार्यालय: आंतरधर्मीय विवाहानंतरचा अभिप्राय

भाचीच्या विवाहासाठी आम्ही विश्रामबाग परिसरातील हे कार्यालय घेतले होते. ज्यांच्या घरी दोन वेगळ्या धर्मांतील वधूवरांचे लग्न ठरले आहे, अशा कुटुंबांसाठी हा अभिप्राय मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. भाची लिंगायत कुटुंबातील, वर मिरजेच्या मुस्लिम कुटुंबातील आणि विवाह विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार झाला.

कार्यालयाचे मालक जैन आहेत. आवारात मांसाहार व मद्य चालत नाही आणि स्वयंपाकात कांदा, लसूण, बटाटा यांसह कोणतेही कंदमूळ वापरले जात नाही. ही अट नोंदणीच्या पावतीमागे छापलेली असून मालकांनी वधूवरांची नावे विचारण्यापूर्वीच ती आम्हाला वाचून दाखवली. वराकडच्या मंडळींना बिर्याणी हवी होती. ती येथे होणार नाही हे समजल्यावर त्यांनी वलीमा, म्हणजे वराकडची लग्नानंतरची मेजवानी, मिरजेत करायचे ठरवले आणि कोणाच्याही मनात कटुता राहिली नाही. पुढे वराचे नाव लिहून घेताना मालकांनी भाडे वाढवले नाही, अनामत वाढवली नाही, की ‘तुमच्या समाजाचा विरोध नाही ना’ असेही विचारले नाही. श्रद्धेमुळे आपण काय करणार नाही हे त्यांनी ठरवलेले आहे आणि तो नियम येणाऱ्या प्रत्येकाला सारखाच आहे. माणूस पाहून नियम बदलत नाही, हा या कार्यालयाचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो.

याच लग्नाच्या तयारीत दुसरा अनुभवही आला. एका सजावटकाराने इसार घेतल्यानंतर पत्रिकेवरील वराचे नाव वाचले आणि ‘हे आमच्या धर्मात बसत नाही’ एवढे सांगून काम सोडले. आमच्या ओळखीच्या गुरुजींनीही मंगलाष्टके म्हणण्यास नम्रपणे नकार दिला होता, पण त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही, कारण धार्मिक विधी कोणासाठी करावा हा त्यांच्या उपासनेचा भाग आहे. मांडव घालणे, खुर्च्या मांडणे आणि फुलांच्या माळा सोडणे हा व्यवसाय आहे. तो सर्वांसाठी खुला ठेवल्यावर गिऱ्हाइकाचा धर्म पाहून नकार देणे मला अन्यायाचे वाटते.

संविधानाचा अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो, परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून. अनुच्छेद १५(२) नुसार दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांसारख्या ठिकाणी केवळ धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कोणाला मज्जाव करता येत नाही, आणि ही मनाई खासगी व्यावसायिकांनाही लागू आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ व्यापक धरून सेवा देणाऱ्यांनाही तिच्या कक्षेत घेतले. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारल्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार कैद होऊ शकते. केवळ धर्मावरून नकार देणाऱ्यासाठी मात्र तितका थेट दंडात्मक कायदा नाही, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. पुष्कळ व्यावसायिकांना स्वतःच्या श्रद्धेपेक्षा समाजातील पंचांचे भय अधिक असते. अशांनी हे जाणून असावे की वाळीत टाकणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

अमेरिकेत हाच वाद समलिंगी विवाहांवरून झाला. समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करण्यास नकार देणाऱ्या कोलोरॅडोतील एका केक करणाऱ्याच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, पण तो राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेकडे आकसाने पाहिले या कारणावरून. नकार देण्याची सरसकट मोकळीक त्यातून मिळाली नाही. २०२३ मध्ये विवाहाची संकेतस्थळे तयार करू इच्छिणाऱ्या, पण समलिंगी विवाहांसाठी ती करण्यास तयार नसलेल्या महिलेला ६ विरुद्ध ३ मतांनी संरक्षण मिळाले, ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे. खुर्च्या भाड्याने देणाऱ्याला त्या निकालाचा आधार घेता येईल, असे मला वाटत नाही.

आता सोयींविषयी. विवाह अधिकाऱ्यांना जादा शुल्क भरून कार्यालयात बोलावता येते, मात्र त्याआधी तीस दिवसांची नोटीस आवश्यक असते, त्यामुळे तारीख ठरवतानाच तो हिशेब करावा. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसाठी मालकांनी व्यासपीठावर टेबल, स्वतंत्र ध्वनिक्षेपक आणि शांतता यांची व्यवस्था न सांगता केली होती. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी असा बेत होता. मसालेभात उत्तम होता, मठ्ठा मात्र फार पातळ. खोल्या स्वच्छ आहेत, पण वराकडच्या खोलीत गरम पाणी उशिरा आले. वाहनतळ अपुरा असल्यामुळे मोठी गाडी आणणाऱ्या पाहुण्यांना आधीच कळवावे. विजेचे बिल मीटरच्या नोंदीनुसार घेतले आणि उरलेली अनामत त्याच संध्याकाळी पावतीसह परत केली.