लाइव्ह बेड बोर्ड : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईतल्या एका ट्रस्ट रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. गणपतीनंतर आमच्याकडे लाइव्ह बेड बोर्ड बसला, म्हणजे कुठला बेड भरलेला आणि कुठला रिकामा हे त्या त्या क्षणी दाखवणारा स्क्रीन. त्याआधी कॅज्युअल्टीतून मजल्यामजल्यावर फोन यायचे, "सिस्टर, एक बेड बघा ना." रात्री बाराचा सेन्सस, म्हणजे भरलेल्या-रिकाम्या बेडची मोजणी, रजिस्टरात लिहायचा आणि सकाळपर्यंत तो शिळा व्हायचा. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, महापालिकेच्या २४ विभागांतल्या वॉर रूममधून (नियंत्रण कक्षांतून) खाटा दिल्या जात होत्या. तेव्हा आम्ही फोनवर आकडा सांगेपर्यंत खाट भरलेली असायची. म्हणून या बोर्डाची मी मनापासून वाट पाहत होते.

पहिला महिना मात्र त्रासाचा गेला. बोर्डावर दोनच रंग होते, लाल आणि हिरवा. बिलिंगने डिस्चार्ज टाकला की बेड लगेच हिरवा. एका रात्री डेंग्यूची मुलगी ट्रॉलीवरून वर आली. चौदा नंबर हिरवा होता, पण गादी नुकतीच पुसलेली, ओली, आणि लॉकरवर आधीच्या पेशंटची औषधं तशीच. सलाईन लावलेली ती पोर वीस मिनिटं पॅसेजमध्ये होती. तिच्या आईला काय सांगावं, मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी लेखी मागणी केली. सफाईसाठी पिवळा रंग आला आणि हिरवं करायचं काम बिलिंगकडून सफाईच्या मावशींकडे गेलं. चादर घातली की मावशीच त्या बेडचा कोड स्कॅन करतात. तेव्हापासून हिरव्या रंगावर माझा विश्वास बसला. ज्याच्या हाताखालून काम जातं, नोंदही त्यानेच करावी, हे माझं ठाम मत झालंय.

दुसरा मोठा फायदा कॅशलेसचा, म्हणजे ज्यांचं बिल विमा कंपनी थेट भरते त्या पेशंटचा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासूनचा वेळ आता बोर्डावर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडे) पाठपुरावा दुपारीच सुरू होतो. पूर्वी संध्याकाळी जाग यायची.

पावसाळ्यात नेटवर्क दोनदा गेलं. ड्युटी रूममधला पांढरा फळा काढू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगेन.

सिरिंज पंप, म्हणजे ठरावीक वेगाने औषध सोडणारी यंत्रं, कुठे आहेत ते अजून बोर्डावर दिसत नाही. परवाच रात्री एका पंपासाठी वॉर्डबॉय तीन मजले फिरला. त्याचंही पत्र दिलंय.